टँटॅलस, मुक्काम मराठवाडा

ग्रीक पुराणांचा मी आमच्या गल्लीतील एकमेव जाणकार आहे, ही गोष्ट लोकांच्या ध्यानात आपण होऊन येत नसल्यामुळे ती आणून देण्याचे कर्तव्य मजवरच येऊन पडते. आणि ते मी लग्नाच्या पंगतीत, अंत्ययात्रेत व नळाची वाट पाहत जमलेल्या मंडळींत सारख्याच निष्ठेने बजावीत आलो आहे. परवा पाण्याची पाळी एकाएकी पुढे गेली, तेव्हा मी मंडळींस टँटॅलसाची कथा निवेदन केली. झ्यूसच्या ह्या पुत्राने देवांना मेजवानीस बोलावून पोटचे पोर शिजवून वाढले, आणि त्याबद्दल पाताळात त्याला हनुवटीपर्यंत पाण्यात उभे करण्यात आले. तो प्यायला वाकला की पाणी ओसरते, ताठ झाला की पुन्हा चढते. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले, पन्नासएक किलोमीटरांवर नाथसागर पसरला आहे आणि आपण येथे हंडे घेऊन उभे आहोत, तस्मात् टँटॅलस हेच संभाजीनगरचे ग्रामदैवत होय, असा निष्कर्ष काढून मी टाळ्यांसाठी किंचित थांबलो. एका गृहस्थांना त्यातले ‘टँकर’ एवढेच ऐकू आले होते. तो कधी येणार, अशी त्यांनी पृच्छा केली.

वस्तुतः माझी फिर्याद टँटॅलसाविरुद्ध नसून ग्रीक दैवतांच्या महाराष्ट्रातील वाटपाविरुद्ध आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा समुद्राचा, भूकंपांचा आणि एकंदर जलखात्याचा अधिपती जो पोसायडन, त्याची वीतभरही नसलेली कांस्यमूर्ती निघाली. भूमध्य सागराकडील व्यापाराबरोबर ती सातवाहनकाळात इकडे आली असावी, असे पंडित मानतात; सांप्रत तिचा मुक्काम तेथील टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. आता जेथे पंचगंगा २०१९ व २०२१ साली न बोलावता घराघरांत शिरली, त्या गावाला आणखी एका जलदेवतेची काय निकड होती? यवनांशी खरी देवघेव आमच्या पैठणची. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद असून, तेथून अकीकाच्या जातीचे खडे गाड्यांत घालून रस्ते नसलेल्या मुलखातून बंदरावर नेत, असेही लिहिले आहे. (रस्त्यांविषयीचा शेरा रद्द करण्यास आजही सबळ कारण दिसत नाही.) राजधानी आमची, खडे आमचे, गाड्या आमच्या आणि देव उतरला पंचगंगेवर! सदरहू दैवताने पावसाळा वगळून आठमाही बदलीवर मराठवाड्यात रुजू व्हावे, अशा मजकुराचा अर्ज मी मनातल्या मनात केव्हाच तयार ठेवला आहे.

ह्या शहरात त्याला परके वाटण्याचेही कारण नाही. ओडिसीच्या आरंभी पोसायडन दरबारात गैरहजर असतो, कारण तो इथिओपी लोकांकडे यज्ञाच्या मेजवानीस गेलेला असतो. आणि हे शहर खडकी ह्या नावाने वसवून डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात खेळवणारा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर जन्माने हबशी, म्हणजे इथिओपीच. ज्यांच्या घरी पोसायडन जेवला त्यांच्यापैकीच एकाने आम्हांस पाणी पाजले, हा योगायोग सांगताना माझे डोळे दर वेळी भरून येतात. ऐकणाऱ्यांचे हंडे तेवढे रिकामे राहतात.

हेराक्लिसाची भरती करावी, अशीही एक सूचना येते. त्याने दोन नद्या वळवून ऑजियस राजाचे गोठे एका दिवसात धुऊन काढले, हे खरे; परंतु ऑजियसाने ठरलेला मोबदला नाकारला आणि ज्याच्या हुकमावरून तो असली कामे करीत होता त्या युरिस्थियसाने, मोबदला ठरवून केले म्हणून, ते काम हिशेबातूनच वजा केले. ज्याचे देयक दोन्ही दफ्तरांनी अडवले तो कंत्राटदार पुन्हा नदीस हात लावील, अशी आशा मी बाळगीत नाही.

नळ आले ते मध्यरात्र उलटल्यावर. सौभाग्यवती टिपाडात पाइप सोडून उभी होती. तिचे श्रम हलके व्हावेत म्हणून मी तिला डॅनाउसाच्या कन्यांची कथा सांगू लागलो: पन्नासांपैकी एकोणपन्नास बहिणींनी लग्नाच्या रात्रीच नवरे मारले, आणि त्यांच्या नशिबी पाताळात फुटक्या भांड्यात अखंड पाणी भरणे आले.

“अहो, त्यांनी निदान नवरे मारले होते,” ती म्हणाली. “मी तुम्हाला जेवूखाऊ घालून भरतेय. सरका, घागर ठेवू द्या.”

मी सरकलो. गल्लीत दारोदार दिवे लागले होते, आणि त्या उजेडात वाकलेल्या जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. माझी आई ह्याच मुलखात विहिरीवरून पाणी वाहता वाहता म्हातारी झाली. पाताळातल्या त्या शिक्षांच्या मागे निदान एकेक अपराध तरी नोंदलेला आहे. ह्या बायकांच्या नावे कोणत्या दफ्तरात कोणता गुन्हा दाखल आहे? आम्ही पुरुष ओट्यावर बसून टँटॅलसाची उपमा शोधतो ती उगीच नव्हे. त्याला काम काही नाही, फक्त तहान आहे, आणि नुसत्या तहानेवर माणूस महाकाव्यात जाऊन बसतो. घागर भरणारीला तेथे नाव मिळायचे तर आधी नवरा मारावा लागतो.

सौभाग्यवतीचे ते वाक्य मात्र मला विलक्षण आवडले असून येत्या व्याख्यानात मी त्याचा उपयोग करणार आहे. श्रोत्यांनी ते माझेच समजले, तर त्यांचा भ्रमनिरास करण्याइतका मी निष्ठुर नाही.