न्यायाधीशाचं बिल कोण भरतं?

अँजेलिना जोली आणि ब्रॅड पिट यांच्या घटस्फोटात मुलांचा ताबा कोणाकडे, हे ठरवणाऱ्या न्यायाधीशाची फी सरकार भरत नव्हतं, पक्षकार भरत होते. जॉन आउडरकर्क हे कॅलिफोर्नियातले निवृत्त न्यायाधीश. 2014 मध्ये या दोघांचं लग्न त्यांनीच लावलेलं. 2016 मध्ये घटस्फोटाचा अर्ज झाल्यावर दोघांच्या संमतीने तेच निवाड्याला बसले. पुढे उघड झालं की पिटच्या वकिलांकडून त्यांना इतर खटल्यांतही काम मिळत होतं, आणि त्याची पूर्ण माहिती त्यांनी वेळेवर दिली नव्हती. जुलै 2021 मध्ये अपील न्यायालयाने त्यांना खटल्यातून दूर केलं. ताब्यावर झालेली प्रदीर्घ सुनावणी वाया गेली. घटस्फोट मिटायला 2024 चा डिसेंबर उजाडला.

ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. हे न्यायाधीशाच्या बाबतीत कधीही खरं होऊ नये, म्हणून तर त्याचा पगार सार्वजनिक तिजोरीतून द्यायचा असतो.

कॅलिफोर्नियात खासगी न्यायाधीश ही पूर्णपणे कायदेशीर सोय आहे. पक्षकारांची संमती असेल, तर राज्याच्या बारमधल्या सदस्याला शपथ देऊन त्या खटल्यापुरता हंगामी न्यायाधीश नेमता येतो, असं राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदातलं 21 वं कलम सांगतं. व्यवहारात हे काम बहुधा निवृत्त न्यायाधीश आणि मुरलेले कौटुंबिक वकील करतात. फी तासावर. सुनावणी एखाद्या ऑफिसच्या बैठकीच्या खोलीत. निकाल मात्र सरकारी न्यायालयाच्या निकालाइतकाच पक्का. त्याची अंमलबजावणी तशीच होते आणि त्यावर अपीलही करता येतं.

लोक तिकडे का जातात, हे समजण्यासारखं आहे. तारीख सोयीची मिळते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस ऐकतो. कंपनीतली भागीदारी, शेअर, पेन्शन यांचा गुंता सोडवायला तो पुरेसा वेळ देतो. घरातली भांडणं अनोळखी माणसांसमोर मांडावी लागत नाहीत. घटस्फोटाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला यातली प्रत्येक गोष्ट हवी असते. माझा मुद्दा एवढाच आहे की ती प्रत्येकाला मिळायला हवी.

आता त्याच राज्यातला दुसरा खटला पाहा. काँट्रा कोस्टा काउंटीच्या न्यायालयाने कामाचा बोजा आटोक्यात ठेवण्यासाठी एक स्थानिक नियम केला होता. घटस्फोटाच्या खटल्यात तोंडी साक्ष नको, सगळं लेखी प्रतिज्ञापत्रात आणा. एक नवरा वकिलाशिवाय स्वतःच आपली बाजू मांडत होता. त्याला हा नियम नीट पाळता आला नाही, आणि त्याच्या 36 पुराव्यांपैकी 34 बाहेर टाकले गेले. 2007 मध्ये एल्किन्स खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. घर मोडलेल्या पक्षकारांना न्यायालयात दुय्यम वागणूक मिळता कामा नये, हे त्या निकालाचं सार होतं.

हे दोन खटले शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. एकाला त्याच्या सवडीने ऐकणारा न्यायाधीश मिळतो. दुसऱ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून बोलायलाही मिळत नाही. कायदा एकच, राज्य एकच. फरक खिशाचा.

खासगी न्यायाधीश लाच खातात, असं मी म्हणत नाही. दोष रचनेत आहे. जोडपं त्यांच्याकडे आयुष्यात एकदा येतं, वकील पुन्हा पुन्हा येतात. पुढचं काम कोणाच्या हातात आहे, हे ताशी फी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. माणूस कितीही सचोटीचा असला, तरी हरलेल्या पक्षाच्या मनात शंका राहतेच. मुलं कोणाकडे राहणार, हा निकाल शंकेच्या पायावर उभा करू नये.

दुसरं नुकसान त्याहून मोठं आहे. ज्यांच्याकडे पैसा आणि वजन आहे, ते रांगेतून बाहेर पडले की रांग लांब आहे अशी तक्रार करणारं कोणी उरत नाही. अनुभवी न्यायाधीशांनाही निवृत्तीनंतर बाहेरचं काम खुणावतं. आत उरतात वकील न परवडणारे लोक आणि फायलींचे ढीग. खासगी सुनावणीही लोकांना खुली असावी, असे नियम कॅलिफोर्नियाने केले आहेत. पण खासगी ऑफिसातल्या सुनावणीला कोण जाऊन बसणार?

न्यायालयाने नेमलेले तटस्थ लोक ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिचं मी मोकळेपणाने स्वागत करतो. मुलांच्या ताब्याचा वाद असेल, तर कॅलिफोर्नियात 1981 पासून आधी मध्यस्थीला बसावंच लागतं. व्यवसायाचं मूल्य काढायला किंवा मुलांची परिस्थिती तपासायला न्यायालय तज्ज्ञ नेमू शकतं. मुलांसाठी स्वतंत्र वकीलही देऊ शकतं. यातल्या काहींचा खर्च आईबापांवर पडतो. पण नेमणूक न्यायालय करतं, कोणी किती भरायचं तेही न्यायालय ठरवतं आणि शेवटचा शब्द न्यायाधीशाचाच राहतो.

इथेही एक काटा आहे. काही काउंट्यांमध्ये मध्यस्थी करणाराच समझोता फिसकटल्यावर न्यायाधीशाला शिफारस करतो. तडजोडीसाठी मन मोकळं करायचं आणि तेच बोलणं उद्या आपल्याविरुद्ध शिफारशीत यायचं, हे योग्य नाही. समेट घडवणारा आणि शिफारस करणारा माणूस वेगवेगळे असायला हवेत. सगळीकडे.

हा विषय मराठी घरांपासून दूर नाही. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होझे इथे आपली हजारो माणसं राहतात. एच-4 व्हिसावर गेलेल्या बायकोचा तिथे राहण्याचा हक्क नवऱ्याच्या नोकरीशी बांधलेला असतो, आणि घटस्फोटाबरोबर तो व्हिसाही संपतो. घरातले पैसे कुठे गुंतवले आहेत, हे पुष्कळदा तिला माहीत नसतं. अशा वेळी ‘कोर्टकचेरी नको, खासगीत मिटवू’ असं म्हणत संमतिपत्र पुढे केलं गेलं, तर बाई, सही करायची घाई करू नका. तुमच्या संमतीशिवाय खासगी न्यायाधीश येऊच शकत नाही. आधी स्वतःचा वकील करा. पैसे नसतील, तर तुमच्या वकिलाची फी जोडीदाराने भरावी, असा आदेश कॅलिफोर्नियातलं न्यायालय देऊ शकतं. आणि लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल, तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा नरसिंह राव निकाल लक्षात ठेवा. आपल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, दुसऱ्या पक्षाच्या संमतीशिवाय मिळवलेला परदेशी घटस्फोट भारतात टिकत नाही. म्हणूनच तुमच्या संमतीला मोठी किंमत आहे.

आपल्या देशाने याबाबत योग्य वाट धरली आहे. घटस्फोट आणि मुलांचा ताबा हे वाद खासगी लवादाकडे सोपवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या बूझ ॲलन निकालात सांगितलं. 1984 चा कौटुंबिक न्यायालय कायदा न्यायाधीशावर आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकतो. समुपदेशकांची तरतूदही त्यातच आहे. दोघांपैकी एकानेही मागणी केली, तर सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. जी गोपनीयता कॅलिफोर्नियातले श्रीमंत ताशी फी भरून मिळवू पाहतात, ती इथे कायद्याने फुकट दिली आहे. वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवावेत, असं 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण इथे बहुतेकांना ती पायरी चढल्याशिवाय घटस्फोट मिळत नाही. मग ती पायरी चढणाऱ्याची दमछाक होऊ नये, ही जबाबदारी सरकारची. वांद्र्याच्या आणि शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात पोटगीची तारीख घेऊन बसलेल्या बाईला जादा न्यायाधीश हवेत, प्रशिक्षित मध्यस्थ हवेत, समुपदेशकाकडे तिच्यासाठी निवांत तास हवा. हे मागणं अवाजवी नाही. कायद्याने कबूल केलेलंच ती मागते आहे.

इथेही उद्या कोणीतरी म्हणेल, न्यायालयांवर ताण आहे, ज्यांना परवडतं त्यांना खासगी न्यायाधीश घेऊ द्या. त्या दिवशी ठाम नकार द्यायला हवा. मध्यस्थ हवे तेवढे नेमा. त्यांना चांगलं मानधन द्या, तेही सरकारी तिजोरीतून. पण निकाल देणाऱ्याच्या फीचं बिल पक्षकाराच्या नावाने निघता कामा नये. सुनावणीला सवड, दाराला आडोसा आणि कान देऊन ऐकणारा न्यायाधीश हे घर मोडलेल्या प्रत्येकाचं हक्काचं आहे, आणि त्याचे पैसे आपण सगळ्यांनी कराच्या रूपाने आधीच भरलेले आहेत.