पाय मोडलेल्या अक्षरांची शाळा

रेडिंग, रविवार दुपार

ती. नाना व आईस,


पत्र बघून घाबरू नका. सगळे धडधाकट आहेत, पैसे नको आहेत, फोनही चालू आहे. रोज रात्री व्हिडिओवर तुमचा छताचा पंखा आणि नानांचं अर्धं कपाळ दिसतंच. तरी कागदावर लिहितोय, कारण शाळेने गृहपाठ दिलाय. छोटीला नाही, मला. "पोरांना तुम्ही लिहिताना दिसलं पाहिजे, आणि ते लिहिणं खरं कामाचं पाहिजे," असं बाईंनी सांगितलं. वाण्याची यादी चालेल म्हणाल्या. पण आमचा वाणी फोनमध्येच राहतो. म्हणून तुम्हाला धरलं. छोटी शेजारच्या खुर्चीवर गुडघे टेकून बसलीय आणि माझ्या प्रत्येक वेलांटीकडे संशयाने बघतेय.

तर गेल्या गुरुवारी आम्हा आईबापांची शाळा भरली. मुलांना वाचायला शिकवतात कसं आणि घरी आपण काय करायचं, याची कार्यशाळा. आता शाळेतून बोलावणं आलं की नानांच्या वेळी काय व्हायचं ते मला पाठ आहे: मास्तर बोलणार, बाप मान खाली घालणार आणि घरी आल्यावर मुलाच्या पाठीचा कार्यक्रम. मी त्याच तयारीने गेलो. हिला सुट्टी मिळेना, म्हणून अर्धी रजा टाकून मी एकटाच. बसायला पहिलीच्या पोरांच्या खुर्च्या होत्या, वीतभर उंचीच्या. माझे गुडघे हनुवटीला लागले. शेजारी एक सहा फुटी पोलिश गृहस्थ दोन खुर्च्या जोडून बसला होता, तो मला हुशार वाटला.

इथे इंग्लंडमध्ये पहिलं काय शिकवतात, तर अक्षरांची नावं नाहीत, आवाज. याला फोनिक्स म्हणतात. इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज धरतात 44, म्हणजे खातेदार जास्त आणि सातबारे कमी. मग दोन दोन, तीन तीन अक्षरं मिळून एक आवाज काढतात. आपला क कुठेही नेऊन बसवा, क च राहतो. इथला 'सी' कधी क, कधी स, आणि शेजारी 'एच' येऊन बसला की च. आमच्या गावाचंच बघा ना. लिहितात ते हुबेहूब 'रीडिंग', म्हणजे वाचन, आणि म्हणतात रेडिंग. ज्या गावाला स्वतःचं नाव लिहिल्यासारखं वाचता येत नाही, तिथे आमची पोरगी वाचायला शिकतेय.

बाईंनी 'बी'चं कार्ड वर धरलं. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "ब." बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, तुम्ही शेवटी 'अ' लावताय, तो नको. तो लागला की पोरगं आवाज जोडताना 'बॅट'चं 'बअ-ॲ-टअ' करतं आणि त्याला वटवाघूळ काही सापडत नाही. नुसता ब काढा, शेपटीशिवाय. घानाच्या एका ताई, दोन पंजाबी आज्या, तो पोलिश, सगळे ओठ मिटून फुटफुट करायला लागले. दिवाळीतले सादळलेले फटाके जसे. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला: अरे, हा तर ब् आहे! पाय मोडा, झालं! मी कोपऱ्यात बसलेल्या नेपाळी बापाकडे पाहिलं. या गावात गोरखा पलटणीतल्या लोकांची बरीच घरं आहेत. तोही माझ्याकडेच बघत होता. दोघांच्या तोंडून एकदम निघालं, "हलन्त!" नंतर चहा घेताना त्याने सांगितलं की त्यांच्यात अक्षराचा पाय मोडत नाहीत, कापतात. मी म्हटलं, आमच्याकडे मास्तर पोरांचे मोडायचे, म्हणून अक्षरांचेही. बाईंना आम्ही का हसतोय ते कळेना. मी फळ्यावर जाऊन ब काढला, त्याचा पाय मोडून दाखवला. बाई म्हणाल्या, एवढी सोय असेल तर तुमची मुलं पटकन वाचत असतील. मी नम्रपणे हो म्हटलं. दुसरीत 'कृ' पाशी किती महिने अडकलो होतो ते सांगितलं नाही. नाना, तुम्हीही सांगू नका.

पण माझी गुर्मी टिकली नाही. पुढचं कार्ड 'व्ही' आणि त्यापुढचं 'डब्ल्यू'. मी दोन्हींना एकच व म्हटलं. आपल्याकडे वांगं आणि वारा एकाच व ने चालतात, कुणाची तक्रार नाही. घरी छोटीने मला आरशापुढे उभं केलं. "बाबा, एकात दात ओठावर, दुसऱ्यात ओठ गोल." मी केलं. ती म्हणाली, "अजून." अर्धा तास. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, दात दुखतोय का?

आता खरी गंमत. पुढच्या जूनमध्ये छोटीची परीक्षा आहे. पहिलीच्या सगळ्या पोरांची असते, 2012 पासून. 40 शब्द वाचायचे. त्यातले 20 खरे आणि 20 खोटे! हो, मुद्दाम बनवलेले, ज्यांना काही अर्थ नाही असे. प्रत्येक खोट्या शब्दाशेजारी एक परग्रहावरचा प्राणी काढलेला असतो, म्हणजे पोराला कळावं की हे त्या प्राण्याचं नाव, अर्थ शोधत बसू नको. कारण असं की खरा शब्द पोरं पाठ करून किंवा अंदाजाने ठोकतात. खोटा शब्द आवाज जोडूनच वाचावा लागतो. युक्ती बिनतोड आहे. बाईंनी नमुन्याला एक शब्द दाखवला, आवाज जोडला तर 'चोम'. सगळे बाप कपाळाला आठ्या घालून बसले. मी मोठ्याने हसलो, कारण आपल्या गल्लीतल्या एका चोमड्या माणसाचा चेहरा डोळ्यापुढे आला. (कोण ते आईला कळलं असेल.)

आई, तुला तुझा मेळावा आठवतो का? 2022 ला, वहिनीचा गोलू पहिलीत जायचा होता तेव्हा. वहिनी लग्नाला गेली होती आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत 'पहिले पाऊल'च्या मेळाव्याला तू गेलीस, डोक्यावर पदर आणि हातात ओला रुमाल. फोनवर सांगत होतीस, सात टेबलं मांडली होती, गोलूला उड्या मारायला लावल्या, चित्र दाखवून गोष्ट विचारली, वस्तूंची वर्गवारी करायला दिली आणि सगळं एका विकासपत्रावर लिहिलं. शेवटच्या टेबलावर पालकांना मार्गदर्शन. आयांचे गट करा, घरातल्या घरात पोराला शिकवा, वाटाणे-हरभरे वेगळे करायला द्या. तू घरी येऊन म्हणालीस, "व माय, डाळ निवडायला लावा हे सांगायला गाडी करून आले!" मी तेव्हा खूप हसलो होतो. गुरुवारी इथल्या बाईंनी आम्हाला एका डबीत बटणं दिली आणि ती रंगाप्रमाणे निवडायला लावली. मी गप्प निवडली.

घरी वाचायला पुस्तक येतं, एका पारदर्शक पिशवीत, सोबत एक डायरी. त्यात पालकाने रोज शेरा लिहायचा. गेल्या वर्षी पहिलंच पुस्तक आलं त्यात एकही शब्द नव्हता. नुसती चित्रं. मी छपाईत चूक झाली असावी म्हणून दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. बाईंनी तेच पुन्हा पाठवलं, सोबत चिठ्ठी: चूक नाही, चित्रांवरून तिला बोलू द्या. आता यंदा शब्द आलेत आणि माझी पंचाईत सुरू झालीय. कार्यशाळेत सांगितलं की पोर अडलं तर लगेच सांगायचं नाही, मनात दहापर्यंत मोजायचं. मला तीनच्या पुढे जाता येत नाही. नाना, हे तुमच्यामुळे. तुम्ही एकोणतीसचा पाढा विचारायचात आणि मी एकोणतीस चोक ला थांबलो की तुमचा हात कानाकडे निघायचा. तो निघालेला हात अजून माझ्याच खांद्याला लावलेला आहे. छोटी 'नाइट'पाशी अडली. त्यात 'जी' आणि 'एच' फुकट उभे असतात, अडणारच. मी हात मांडीखाली दाबून बसलो. एक, दोन, तीन... आणि तोंडातून शब्द निसटला. तिने पुस्तक मिटलं. "बाबा, तुम्हाला शाळेत पुन्हा जायला पाहिजे."

तेव्हापासून मला आपला मागचा ओटा सारखा आठवतोय. मी चौथीत होतो. आई, तू शेंगा फोडत बसायचीस आणि मी धडा वाचायचो. तू दुसरीतून शाळा सोडलेली, जोडाक्षरं तुला आजही नकोशी होतात. कुणी बोललं तर म्हणायचीस, आसोद्याच्या बहिणाबाईंना तरी कुठं वाचता येत होतं, सोपानदेवांनी लिहून घेतलंच ना. मी चुकलो तर तुला कळायचंच नाही. मी थांबलो की तू दोन-चार शेंगा फोडायचीस, टरफलं बाजूला सारायचीस, आणि वर न बघता म्हणायचीस, "मंग?" मग मीच अडलेलं अक्षर पुन्हा लावायचो, कारण गोष्ट पुढे काय झाली ते तुला सांगायला पाहिजे होतं.

काल रात्री छोटी अडली तेव्हा मी खारे शेंगदाणे घेऊन बसलो. टरफलं नव्हती, नुसतेच मोजले. नऊवर आलो. मग म्हटलं, "मंग?" तिने विचारलं, हा कुठला शब्द? पण वाचलं.

तुमचं दिवाळीचं पार्सल मंगळवारी पोचलं. चिवडा शाबूत, बिबड्यांचा भुगा झालाय पण दह्यात कालवून खाल्ला. कळण्याचं पीठ ही कुणाला हात लावू देत नाही. मात्र एक सांगायचं राहिलं. खोक्यावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात नानांनी इंग्रजीत गावाचं नाव लिहिलं होतं. छोटीने त्यावर बोट ठेवून आवाज जोडले, बाईंनी शिकवले तसे: च्, ऑ, प्, ड्, ॲ. "चॉप्डॅ!" दोनदा वाचलं, विचार केला आणि जाहीर केलं की हा खोटा शब्द आहे. मी कार्यशाळेत शिकल्याप्रमाणे गप्प राहिलो. तर तिने हिरवा खडू आणून नानांच्या अक्षराशेजारी एक तीन डोळ्यांचा प्राणी काढला, शेपटीसकट. या पाकिटावर पत्ता मी लिहिलाय, पण शेजारची मोकळी जागा तिने मागून घेतलीय. तेव्हा पोस्टमन काकांना आधीच सांगून ठेवा.

तुमचा,
बापू

ता. क. गोलूच्या गणिताच्या वहीचा फोटो पाठवा. वहिनीला म्हणावं, शेरा मी लिहीन.