पिळायचं कोणी?

आई-बाबा,

पार्सल पोचलं. मेतकूट, कुळथाचं पीठ, लिंबाचं गोड लोणचं आणि बाबांच्या जुन्या धोतराची, काठ दुमडून शिवलेली फडकी, सगळं सुखरूप. जावईबापूंच्या हातात मी फडकं दिलंय ही बातमी शालनमावशीने मिरजभर केली, म्हणून ही फडकी आली हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. आई, काळजी करू नकोस. अनिरुद्ध जिना पुसतो तो माझ्या धाकाने नव्हे, पाचशे वर्षांपूर्वीच्या एका सरंजामदाराच्या धाकाने. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तेवढं सांगते. बाकीचं कपडे वाळत घातल्यावर.

इथे जर्मनीत, स्टुटगार्टला, केरवोखे नावाचा प्रकार आहे, म्हणजे सफाईची आठवड्याची पाळी. १४९२ साली, म्हणजे कोलंबस तिकडे अमेरिकेला धडकला त्याच साली, एबरहार्ड नावाच्या इथल्या सरदाराने स्टुटगार्टकरांना फर्मान काढलं की ज्याने त्याने आपला उकिरडा दर आठवड्याला उपसून बाहेर न्यावा. उकिरडे गेले, सरदार गेला, १९८८ साली महापालिकेनेही आपली सक्ती मागे घेतली. पण भाड्याच्या करारांतून पाळी काही गेली नाही. धाकटी केरवोखे म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, थोरली म्हणजे इमारतीच्या सामाईक जागा आणि पुढचा फूटपाथ. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. जिना आधीच स्वच्छ आहे ही सबब चालत नाही. स्वच्छ जिनाही पुसायचा, आणि पुसलेला शेजाऱ्यांना दिसलाही पाहिजे. हे दुसरं कलम कुठे छापलेलं नाही, पण आजीचं सोवळं तरी कुठे छापलेलं होतं? मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. या भगिनीने त्या भगिनीकडे एवढी एक खोड धाडली असती, तर गिरगावातल्या किती जिन्यांचे कोपरे पानाच्या पिंकांतून सुटले असते!

आता किमतीचं. बादलीसकट बरा मॉप इथे ३५ युरोच्या आसपास पडतो. बाबा, गुणाकार करू नका, केलाच असेल तर पाणी प्या. हो, एका काठीला एवढे. पण दुसरा आकडा ऐकल्याशिवाय मला उधळी म्हणू नका. २०२५ साली जर्मनीत कायद्याने किमान मजुरी ताशी १२ युरो ८२ सेंट होती. म्हणजे ज्या काठीला आपण राजेशाही थाट म्हणतो ती इथे तीन तासांच्या मजुरीत येते, आणि कुणाला पुसायला बोलावलं तर तेवढे पैसे तीन तासांत संपतात. इथे माणसाचा तास महाग, म्हणून काठीवर डोकं चालवायला परवडतं. आपल्याकडे पुसणारीचा तास स्वस्त, म्हणून फडकं होतं तसंच राहिलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की पैसे मोजणाऱ्याच्या कमरेला जिथे कळ लागते तिथेच लादी पुसण्याचं साधन सुधारतं. विकत घेणारा एक आणि वाकणारी दुसरी असली की तक्रार दुकानापर्यंत पोचतच नाही.

पुरावा हवा असेल (बाबांना हवाच असणार) तर मॉपचा इतिहास बघा. त्यात अडचण सगळीकडे एकच दिसते: पिळायचं कोणी? पुसणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते गढूळ पाण्यात हात घालून ओलं बोचकं पिळणं, आणि तेही एका खोलीत चारदा. १८९३ साली थॉमस स्ट्युअर्ट या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाने अशा मॉपचं पेटंट घेतलं, ज्याचं फडकं चिमट्यातून सोडवून बदलता येई आणि तरफेने पिळता येई. पुढे स्पेनमध्ये तर एका विमान-इंजिनिअरनेच हे काम हातात घेतलं. तिथे घरोघरी फरशी, आणि ती पुसायची बायकांनी गुडघे टेकून. मानुएल हालोन याने अमेरिकेत विमानांच्या हँगरमध्ये रूळ लावलेल्या बादल्या पाहिल्या आणि १९५६ मध्ये सारागोसाला घरगुती मॉप आणि पिळायची बादली विकायला काढली. नंतर रूळ गेले आणि भोकाभोकांचा शंकू आला: मॉप त्यात दाबायचा, काठी फिरवायची, हात कोरडे. श्रेय कोणाचं यावर तिथे कोर्टकचेऱ्या झाल्या, पण स्पॅनिश बाई उभी राहिली ती राहिलीच. याच हालोनने पुढे एकदा वापरून टाकायच्या इंजेक्शनच्या सिरिंजही बनवल्या. दादा म्हणतो की इंजिनिअर झाल्यावर घरकामात लक्ष घालणं शोभत नाही. त्याला हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा.

१९९० मध्ये जॉय मँगानो या अमेरिकन बाईने कापसाच्या सुताचा सुमारे ९० मीटर लांबीचा एकसलग वेढा काठीला असा बसवला, की हात ओले न करता तो पिळता येई. तीन मुलांची ही आई घर स्वतःच पुसत होती, हे महत्त्वाचं. १९९९ साली स्विफर नावाचा मॉप आला तो मात्र उलट्या वाटेने. तो बनवणाऱ्यांनी आधी घरोघरी माणसं लादी कशी पुसतात ते पाहिलं आणि त्यांना दिसलं, की लादी पुसण्याइतकाच वेळ मॉप धुण्यात जातो. तेव्हा त्यांनी पिळणंच रद्द केलं: कागदासारखं कापड लावा, पुसा, फेकून द्या. बाबा म्हणतील की हा तोडगा नव्हे, कचरा आहे, आणि ते बरोबरच म्हणतील. पिळण्याचा त्रास घरातून उचलून उकिरड्यावर ठेवला, एवढंच झालं. मला पटतो तो पायाने दाबून किंवा दांडा खाली रेटून गरगर फिरवायचा मॉप, जो आता सांगलीतही मिळतो. कपड्यांच्या मशीनमध्ये पाणी जसं फिरण्याच्या जोराने बाहेर फेकलं जातं तसंच त्यात होतं. किती ओला ठेवायचा ते आपण ठरवतो. इथे लाकडी जमिनीला ते लागतंच, कारण जास्त पाणी सांध्यांत शिरलं की फळ्या फुगतात आणि घरमालक डिपॉझिटमधून पैसे कापतो.

आई, तुझे आक्षेप मला फोनवरच कळले, म्हणून क्रमाने घेते. पहिला: उकिडवं बसून पुसल्याशिवाय कोपरे निघत नाहीत. हे आपल्या जुन्या वाड्यातल्या शहाबादी फरशीला खरं होतं. तिच्या खाचांत आणि सांध्यांत बोट घातल्याशिवाय मळ निघत नव्हता, आणि त्याआधी सारवलेली जमीन होती तिला तर पुसण्याचाच प्रश्न नव्हता. पण आता दादाने सगळ्या घरात आरशासारख्या टाइल्स घातल्या आहेत (वहिनीला रंग आवडला नाही हेही कळलं; आता काय उपयोग?). लादी दोनदा बदलली, फडकं एकदाही नाही. गुळगुळीत टाइलवर मायक्रोफायबरची चपटी पट्टी पुरते, कारण तिचे केसाहून बारीक, चिरलेले धागे धूळ पकडून ठेवतात. दोन अटी मात्र आहेत: धुताना तिला कपड्यांचं सुगंधी कंडिशनर लावायचं नाही, धागे त्याने बुजतात, आणि पट्टी चपटी असावी, म्हणजे ती कोपऱ्यात टेकते. गोल गोंड्याच्या मॉपला चौकोनी कोपरा येत नाही, हा आक्षेप मात्र मी मान्य करते. गोल डोक्याचा मॉप चौकोनी खोल्यांसाठी कोणी काढला, त्याने बहुधा स्वतः पुसलं नसावं.

दुसरा आक्षेप: बादलीतलं पाणी काळं झालं की समाधान वाटतं. वाटतं खरं, पण ज्या क्षणी पाणी काळं झालं त्या क्षणापासून आपण हॉलचा मळ स्वयंपाकघराला लावतोय. सुधारणेची खरी जागा इथे आहे, आणि फिरत्या मॉपवालेही बहुतेक इथेच गप्प बसतात: पिळलेलं पाणी पुन्हा त्याच बादलीत. इथल्या इस्पितळांत हा गोंधळ घालत नाहीत. आधीच भिजवून ठेवलेल्या पट्ट्या असतात, एक खोली झाली की पट्टी काढून धुवायला टाकायची, वापरलेली पट्टी पुन्हा पाण्यात बुडवायची नाही. घरात एवढा थाट नको, पण बादलीला दोन कप्पे, एकात स्वच्छ आणि एकात गढूळ पाणी, एवढं तरी प्रत्येक मॉपवाल्याने द्यावं. तोवर दोन बादल्या घ्या. बाबांचं धोतर सुती आहे म्हणून जास्त चांगलं, हाही मुद्दा आला होता. सूत पाणी पितं हे खरं, पण प्यालेलं पाणी सोडत नाही, जड होतं, उशिरा वाळतं आणि वास मारतं. आणि बाबांचं धोतर मी लादीला लावणार नाही, हे वेगळं सांगायला नको. ते कपाटात ठेवलंय.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड: आपल्याकडे लादी पुसणाऱ्या कांताबाईंनाच मॉप नको. दादाने आणलेला मॉप त्यांनी मोरीच्या कोपऱ्यात उभा करून ठेवला आणि पुन्हा उकिडव्या बसल्या. वहिनी म्हणते, बघा, यांनाच सवय नाही. मला वाटतं, त्यांचा निकाल बरोबर होता. दादाने आणला तो सुती गोंड्याचा. तो हातानेच पिळावा लागतो. म्हणजे कंबर थोडी वाचते पण मनगट दुप्पट झिजतं, आणि लादी ओली राहून डाग उठतात ते वेगळेच, त्याबद्दल बोलणी पुन्हा त्यांनाच. शिवाय त्यांना तासावर पैसे नाहीत, कामावर आहेत. जे लवकर उरकतं तेच त्या करणार. गुडघ्यांचा हिशोब नंतर येतो. तासन्‌तास उकिडवं बसण्याने आणि गुडघे टेकण्याने सांधे लवकर झिजतात, हे डॉक्टर सांगतातच. सुमाआत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं ऐकून वाईट वाटलं. पण तिला बसवायला वाटी मिळाली, कांताबाईंना कोण देणार? महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच झाला, पण मंडळ काही कोणाच्या घरी मॉप निवडायला येत नाही.

इथे सगळं हातात मिळालं तरी एक गोष्ट मिळत नाही. सकाळी दहाला फिनेलचा वास, ओल्या लादीवरून "वाळेपर्यंत पाय ठेवू नका" अशी तुझी हाक, आणि घरातले सगळे कॉटवर पाय वर घेऊन पेपर वाचताहेत. इथली लादी पाच मिनिटांत वाळते आणि पाय ठेवू नका म्हणायला कोणी नसतं. असो. वहिनीला म्हणावं लोणच्यात मीठ योग्य आहे, शालनमावशीचं ऐकू नकोस.

कामाचं एवढंच. दिवाळीत आम्ही येऊ तेव्हा आणता येईल, नाहीतर सांगलीतच बघा: दांडा कमी-जास्त करता येणारा, पट्टी चपटी आणि सुटी होणारी, पिळायला हात लागू नये असा. दांड्याची उंची दादाच्या मापाने घेऊ नका. कांताबाई उभ्या राहिल्या की त्यांच्या खांद्याच्या जरा वर येईल एवढा हवा. घेण्याआधी दुकानात त्यांनाच घेऊन जा आणि त्यांच्या हातात देऊन बघा. त्या नको म्हणाल्या तर का नको ते नीट विचारून मला कळवा. पैसे मी पाठवते. मात्र विचारायचं त्यांनाच, शालनमावशीला नाही.

तुमची,
मीनू