सूड, सोळा भागांत

ज्या परिसरात जमिनीच्या दाव्याचा निकाल वादीच्या हयातीत लागला तर तो ईश्वरी कृपेचा प्रकार मानला जातो, त्या परिसरातील मंडळींना कोरिया देशातील वकिलांच्या सूडकथांचे वेड लागावे, ही घटना वरकरणी विसंगत भासली, तरी तिच्या मुळाशी काही सबळ सामाजिक कारण असले पाहिजे, अशी आमची खात्री झाली आहे. विठ्ठलवाडी हे कल्याण आणि उल्हासनगर या दोन दांडग्या शेजाऱ्यांच्या मध्ये अंग चोरून उभे असलेले स्थानक; कर्जत-बदलापूरकडून तुडुंब भरून येणाऱ्या गाडीत येथील उतारूला एक पाय टेकण्यापुरती जागा मिळाली तरी तो स्वतःस भाग्यवान समजतो; परंतु त्या एका पायावरही तो मोबाईल डोळ्यांसमोर धरण्याची सोय करून घेतो, आणि गाडी दिव्यास पोचेपर्यंत कोणी एक गोरागोमटा कोरियन वकील चार गुंडांना लोळवून, कोटाच्या बाह्या झटकून, न्यायासनासमोर नम्रपणे उभा राहिलेला असतो.

या वर्गातील ज्या मालिकेचे आम्ही साग्रसंगीत अवलोकन केले, तिचे नाव ‘लॉलेस लॉयर’. किम जिन-मिन यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २०१८ च्या मे ते जुलै या काळात कोरियातील टीव्हीएन वाहिनीवर १६ भागांत दाखविण्यात आली. गिसंग नावाच्या काल्पनिक नगरात मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या एका वकीलबाईंचा खून होतो. त्यांचा अल्पवयीन मुलगा बोंग सांग-पिल जीव मुठीत घेऊन पळतो, गुंडांच्या आश्रयाने वाढतो, यथावकाश वकिलीची सनद मिळवितो, आणि परत येऊन एका सावकारी पेढीची जागा बळकावून तेथे आपले कार्यालय थाटतो. पेढीवरील वसुलीचे पहिलवान बडतर्फ न करता त्यांनाच तो कारकुनीवर घेतो. त्याच्या जोडीला हा जे-यी नावाची एक तडफदार वकीलबाई येते, जिची सनद न्यायाधीशावर हात उगारल्याबद्दल काही काळ तहकूब झालेली आहे. विरुद्ध पक्षात आहेत साऱ्या नगराला पूज्य असलेल्या न्यायाधीश छा मून-सुक, आणि त्यांच्या पदरी वाढलेला आन ओ-जू, जो आधी गुंड, मग उद्योगपती आणि अखेरीस नगराचा महापौर होतो.

हे शेवटचे पात्र पाहून आमच्या आळीत कोणाच्याही मुद्रेवर आश्चर्याची रेषा उमटली नाही, हे नमूद करणे प्राप्त आहे. ही चढण आम्हांस शाळेतल्या पाढ्यासारखी मुखोद्गत आहे, आणि तिच्यावर इतकी पटकथा खर्ची घालण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न एका सद्गृहस्थांनी केला, तेव्हा कोरियन लोक अजून भाबडे असावेत, असे त्यांचे समाधान करण्यात आले.

मालिकेचे बलस्थान मात्र निर्विवादपणे न्यायाधीशबाई हेच आहे. ली हे-यंग या अभिनेत्रीने ही भूमिका अशा मृदू स्वरात, अशा अढळ स्मिताने आणि अशा खानदानी अदबीने वठविली आहे की, त्या खुनाचा हुकूम देतात तेव्हाही जणू एखाद्या गरीब विद्यार्थ्याची फी माफ करीत आहेत असा भास व्हावा. दुसरी वाखाणण्याजोगी गोष्ट म्हणजे नायक पहिल्याच मोठ्या खटल्यात ज्या पोलीस अंमलदाराचे वकीलपत्र घेतो, तो त्याच्या आईच्या मृत्यूस कारणीभूत झालेल्यांपैकीच एक असतो. शत्रूचा गळा दाबण्याऐवजी त्याची बाजू मांडावयाची, आणि ती मांडता मांडता त्याच्या तोंडून त्याच्या धन्याचे नाव काढावयाचे, ही कल्पना नाट्यदृष्ट्या अव्वल दर्जाची आहे. आमच्या मालिकांतील पात्रे सूड घ्यावयाचा झाल्यास फार तर दुसऱ्याच्या आमटीत मीठ जास्त टाकतात.

शिवाय ही कथा कोरियन प्रेक्षकाला केवळ कपोलकल्पित वाटण्याचे कारण नव्हते. मालिका संपून वर्षही होते न होते तोच, २०१९ च्या जानेवारीत, त्या देशाचे माजी सरन्यायाधीश यांग सुंग-ते यांना अधिकाराच्या गैरवापराच्या आरोपावरून प्रत्यक्ष अटक झाली. राष्ट्राध्यक्षा पार्क गुन-हे यांना २०१७ साली संविधान न्यायालयाने पदच्युत केले होते. आणि एके काळी महाअभियोक्ता असलेले राष्ट्राध्यक्ष युन सोक-योल यांचीही २०२५ च्या एप्रिलमध्ये तीच गत झाली. ज्या देशात थोरामोठ्यांच्या हातात बेड्या पडलेल्या लोकांनी बातम्यांत पाहिल्या आहेत, तेथे सूडकथेचा लेखक वास्तवापासून फार तर दोन पावले पुढे चालत असतो. आमच्याकडे ती बेडी पाहण्यासाठी वर्गणी भरावी लागते.

दोषांचे म्हणाल तर ते विपुल आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची दखल घेण्याचे कारण नाही. खलनायक आणि नायक परस्परांच्या कार्यालयांत वरचेवर जातात, एकमेकांस सौजन्यपूर्वक धमक्या देतात आणि निघून जातात. हा परिपाठ मधल्या भागांत इतका होतो की, दोन्ही कार्यालयांनी भेटीची एक कायमची वेळ ठरवून टाकली असती तर दोन-तीन भागांची बचत झाली असती. नायिकेची अनेक वर्षे बेपत्ता असलेली आई कथेच्या सोयीने जिवंत प्रकट होते, हा योगायोग पाहून कोल्हापुरातील जुन्या पटकथाकारांना धन्य वाटले असते. परंतु या किरकोळ बाबी झाल्या. मुख्य दोष निराळाच आहे, आणि तो विठ्ठलवाडीच्या प्रेक्षकाखेरीज अन्य कोणाच्या ध्यानी येणे कठीण. तो दोष असा की, या मालिकेत ठरलेल्या दिवशी न्यायालय भरते.

आरोपीस अटक झाल्यावर पुढच्याच भागात खटला उभा राहतो; साक्षीदार येतो; न्यायाधीश आलेले असतात; पंखा चालू असतो; आणि निकाल ज्यांनी फिर्याद केली त्यांच्या देखतच लागतो. देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांत ४ कोटींहून अधिक खटले तुंबलेले असताना असली दृश्ये पोराबाळांना दाखविणे कितपत इष्ट आहे, याचा विचार संबंधितांनी करावा. वादाकरिता असे समजा की, बोंग सांग-पिल हा गृहस्थ आमच्या तालुक्यात वकिलीस आला. त्याने वकीलपत्र दाखल करावे, तो समन्सची बजावणी झालेली नसावी, कारण साक्षीदाराची चाळ पुनर्विकासात गेलेली. पुढल्या तारखेस सरकारी वकिलांची बदली झालेली असावी. त्यापुढील तारखेस साहेब रजेवर. नंतर वकीलमंडळींनी कामकाजापासून अलिप्त राहण्याचा ठराव केलेला. मग उन्हाळ्याची सुटी. सुटीनंतर मुद्देमालाच्या खोलीत पावसाचे पाणी शिरून ज्या चिठ्ठीवर साऱ्या सूडाची इमारत उभी ती विरघळून गेलेली. एकुलता एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार उलटतपासणीत फितूर झालेला. आणि सोळाव्या भागाच्या अखेरीस नायकाने केसांना कलप लावून, ठेंगण्या बाकावर बसून, मागील रोजनाम्याच्या नकलेसाठी केलेल्या अर्जाचे काय झाले अशी शिरस्तेदाराकडे पृच्छा करावी, तर इकडे न्यायाधीशबाई सन्मानाने सेवानिवृत्त होऊन एखाद्या आयोगावर विराजमान झालेल्या असाव्यात. हा प्रपंच सोळा भागांत बसणारा नव्हे. त्यास ई टीव्ही मराठीवरील ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचेच माप हवे, जिने अकरा वर्षांत तीन हजारांहून अधिक भागांचा पल्ला गाठला. आमच्या दैनंदिन मालिका रटाळ असल्याची टीका करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, भारतीय न्यायदानाचे यथार्थ चित्रण करण्याची शारीरिक क्षमता केवळ त्यांच्याच ठायी आहे.

सूडाविषयी आमच्या जनतेला सहानुभूती नाही, असे मात्र कोणी समजू नये. १९५९ साली नौदलातील कमांडर नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या, तेव्हा ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरविले होते. हायकोर्टाने तो कौल झुगारून जन्मठेप दिली, आणि पुढे १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांस माफी दिली. ज्यूरीची पद्धत तेवढी कायमची निकालात निघाली. जनता एकदा न्यायदानास बसली आणि तिची खुर्चीच काढून घेण्यात आली, म्हणून आता ती कोरियन लोकांच्या खुर्चीत जाऊन बसते.

खरी अडचण याहून खोल आहे. सूडास शत्रू लागतो, आणि शत्रूस नाव, चेहरा व पत्ता लागतो. गिसंग नगरातील यच्चयावत दुष्टपणा एका बाईच्या दिवाणखान्यात एकवटलेला आहे. तेथे जाऊन भिडले की काम भागते. २०२१ साली आलेल्या ‘विन्सेंझो’ या २० भागांच्या मालिकेतही हीच सोय आहे. ग्युमगा प्लाझा नावाची एक जुनाट इमारत, तिच्यातील भाडेकरूंना हुसकावून लावू पाहणारा बेबल नावाचा एक उद्योगसमूह, आणि इटलीतील माफियांचा कायदेशीर सल्लागार असलेला नायक. इमारतीच्या तळघरात सोने पुरलेले आहे म्हणून तो भाडेकरूंच्या बाजूस येतो, आणि मग खलनायकांस एकेक करून संपवितो. एका इमारतीसाठी २० भाग, इटलीहून मागविलेला वकील आणि तळघरभर सोने!

आमच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती आहेत. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे त्या उभ्या राहिल्या, त्याच कागदांच्या जोरावर महारेराकडे त्यांची नोंदणीही झाली, नोंदणी पाहून लोकांनी निर्धास्तपणे कर्ज काढून घरे घेतली, आणि २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या जमीनदोस्त करण्याचा आदेश दिला. आता यातील छा मून-सुक कोण, ते वाचकांनीच सांगावे. खोटा शिक्का कोरणारा? तो खरा मानून नोंद करणारे संकेतस्थळ? कर्ज मंजूर करताना कागद उलटसुलट करून पाहणारी बँक? इमारत सात मजले वर चढत असता खालून रोज जाणारा-येणारा अधिकारी, ज्याची नजर बहुधा जन्मतःच जमिनीकडे असावी? प्रत्येकाने आपापल्या टेबलावर आपल्या वाट्याची एक छोटीशी सही केली किंवा करावयाची ती केली नाही. इतक्या अल्प अपराधाबद्दल कोणास मुष्टिप्रहार करावा, हे बोंग सांग-पिललाही सुचणार नाही. त्याने आवेशाने कचेरीत प्रवेश केला, तर त्याला सांगण्यात येईल की, हा विषय आमच्याकडे येत नाही, वरच्या मजल्यावर विचारा. आणि लिफ्ट बंद आहे. ज्या सदनिकाधारकांचे हप्ते चालू आहेत आणि घर पाडण्याची नोटीसही चालू आहे, त्यांच्या तळघरात सोने निघण्याचाही संभव नाही, कारण बहुतेकांस तळघरच नाही.

ही गोष्ट चैतन्य ताम्हाणे यांनी २०१४ च्या ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटात फार आधी ओळखली होती. मॅनहोलमध्ये मेलेल्या एका सफाई कामगारास आपल्या गाण्याने आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर ठेवला जातो, आणि त्या साऱ्या चित्रपटात एकही खलनायक सापडत नाही. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जाताना शेजारणीशी स्वयंपाकाच्या गोष्टी बोलतात आणि घरी पोचून स्वयंपाकाला लागतात. त्या आमच्याच डब्यातल्या आहेत. न्यायाधीश महाशय बिनबाह्यांचा पोशाख केलेल्या एका बाईचे प्रकरण त्याच कारणावरून पुढे ढकलतात, सुटीत सहकुटुंब सहलीला जातात, तेथे बाकावर डुलकी घेतात आणि झोपमोड करणाऱ्या पोरास एक चपराक लगावतात. ही हाणामारी, आणि तीही न्यायमूर्तींकडून. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळाले; विठ्ठलवाडीच्या गाडीत मोबाईलवर तो पाहणारा उतारू आमच्या दृष्टीस अद्याप पडलेला नाही, आणि त्यात त्याला दोष देणे योग्य होणार नाही, कारण तो पाहण्यासाठी त्याला फक्त नजर वर उचलावयाची आहे.

मराठी रसिकांनी कोर्टातील नाट्याला उदंड आश्रय दिला नाही असे नाही. परंतु १९६२ साली आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आले, तेव्हा टाळ्या पडल्या त्या प्रभाकर पणशीकरांच्या लखोबा लोखंडेस, म्हणजे वेषांतर करून बायकांना आणि सरकारला एकाच वेळी गंडविणाऱ्या निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यास. माधव काझी नावाच्या खऱ्याखुऱ्या भामट्यावरून तो बेतलेला होता. सूड घेणारा वकील आम्हांस आयात करावा लागतो. आरोप नाकारणारा इसम मात्र आम्ही स्वदेशीच वापरतो, आणि त्या बाबतीत आमचा माल कोरियास निर्यात करण्यास हरकत नसावी.

तेव्हा ज्यांना सवड असेल त्यांनी ‘लॉलेस लॉयर’ अवश्य पाहावी, आणि मधले भाग कंटाळवाणे झाले तरी ली हे-यंग पडद्यावर असतील तेथे पुढे पळवू नये. मात्र ज्यांची उद्या तारीख आहे, त्यांनी रात्री मालिकेपायी जागू नये. पुकारा होतेवेळी जो पक्षकार गैरहजर आढळतो, त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होतो, आणि एवढे एक काम आमच्याकडेही कोरियाइतक्याच तडफेने उरकले जाते.