परवडणारा नाद

“मला काही फार नको हो. साधा, परवडणारा कीबोर्ड हवा. फक्त त्यात मेलोट्रॉनचा आवाज असला पाहिजे.”

असं म्हणणारा गृहस्थ साधारण पंचावन्नचा असतो. बँकेत नाहीतर आयटीत बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर असतो. फ्लॅटचे हप्ते फिटलेले असतात, मुलगी बाहेरगावी शिकत असते आणि शुगर बॉर्डरवर असते. वाद्यांच्या दुकानात पूर्वी त्याला चहा मिळायचा. हल्ली तो आत शिरला की पोऱ्या कोपऱ्यातले गिटार पुसायला लागतो.

मेलोट्रॉन म्हणजे काय, हे तो कुणी न विचारता सांगतो. दिसायला वाद्य, पण आत ना तार, ना कातडं, ना भाता. पस्तीस पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीखाली टेपची स्वतंत्र फीत. पट्टी दाबली की फीत हेडवरून सरकते आणि कुणीतरी कधीकाळी स्टुडिओत वाजवून ठेवलेला बासरीचा किंवा व्हायोलिनचा तेवढा एक सूर ऐकू येतो. फीत जेमतेम आठ सेकंदांची, म्हणजे सूरही आठ सेकंदांचा. पुढे शांतता. बोट उचललं की स्प्रिंग फितीला मागे खेचून घेते. ती पुरती मागे जायच्या आत घाईने पुन्हा पट्टी दाबली, तर सूर मधूनच कुठून तरी उगवतो. १९७० साली निघालेल्या एम४०० या त्यातल्या सुटसुटीत मॉडेलचं वजन ५५ किलो. एकदम जास्त पट्ट्या दाबल्या की मोटर दमते आणि सगळे सूर मिळून जरा खाली बसतात.

दुसरी कुठलीही वस्तू अशी निघाली असती, तर याच गृहस्थाने ग्राहक मंचाची पायरी चढली असती. मिक्सर आठ सेकंदांत बंद पडतो म्हणून त्याने केलेली लेखी तक्रार त्याच्या फायलीत अजून आहे. पण मेलोट्रॉनचा सूर थरथरला की त्याचे डोळे मिटतात.

याची जन्मकथाही तो चवीने सांगतो. अमेरिकेत हॅरी चेंबरलिन नावाच्या माणसाने हे यंत्र आधी केलं होतं. त्याचा विक्रेता बिल फ्रान्सन १९६२ च्या सुमारास दोन यंत्रं घेऊन इंग्लंडला गेला आणि एकसारखी सत्तर टेप-हेड्स कोण करून देईल याची चौकशी करू लागला. बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंना वाटलं, हे आपण याहून चांगलं करू. त्यांनी ते केलं, आणि १९६३ साली मेलोट्रॉन बाजारात आला. मूळ मालकाचा पत्ता मात्र त्यांना फार उशिरा लागला. मग भांडण, मग पैसे देऊन समेट. “म्हणजे मुळात हीसुद्धा कॉपीच,” असं तो विजयी मुद्रेने म्हणतो. त्याचा त्यातला मतलब एवढाच, की कॉपीची कॉपी घेण्यात कमीपणा नाही, शिवाय ती स्वस्त पडते.

आता हा आवाज त्याच्या कानात शिरला कुठून? बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ची सुरुवातीची बासरी मेलोट्रॉनची, साल १९६७. त्याच वर्षी मूडी ब्लूजने त्याच्यावर ढगांसारखी व्हायोलिनं पसरली. त्यांचा माइक पिंडर तर आधी त्या कारखान्यातच कामाला होता. १९६९ साली किंग क्रिमसन आलं. पण आपल्या गृहस्थाला हे सगळं भेटलं ते पुढे कितीतरी वर्षांनी, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. सीनियरच्या कॅसेटवरून भरलेल्या कॅसेटवरून भरलेली कॅसेट, आणि सेल उतरलेला टू-इन-वन. परीक्षेच्या आदल्या रात्री. तेव्हा तो ज्या थरथरीवर भाळला, तिच्यात बर्मिंगहॅमचा वाटा किती आणि उतरलेल्या सेलचा किती, हे आता देवही सांगू शकणार नाही. मी एकदा हे सुचवून पाहिलं. चार दिवस त्याने माझा फोन घेतला नाही.

मुलगी सुट्टीत आली की लॅपटॉप उघडून दाखवते. “बाबा, हे बघा, सगळे आवाज आहेत. एका पिझ्झाच्या पैशांत.” तो बघतही नाही. लॅपटॉपवर आपण दिवसभर मीटिंगा करतो. ज्या यंत्रातून बॉसचा आवाज येतो त्यातून बासरी ऐकायची नाही, हे त्याचं तत्त्व आहे. त्याला हार्डवेअर हवं. हाताला लागलं पाहिजे, बटण फिरवल्यावर बटण फिरलं पाहिजे. या मुद्द्यावर मी त्याच्या बाजूने आहे, पण त्याच्या बायकोसमोर तसं म्हणत नाही.

तर, हार्डवेअर. सगळ्यात खरं म्हणजे स्वीडनमध्ये बनणारा डिजिटल मेलोट्रॉन, एम४०००डी. टेप नाही, पण जुन्या टेपांवरून घेतलेले शंभर आवाज. त्याची रुपयांतली किंमत आणि वर कस्टम ड्यूटी, असा हिशेब त्याने पाकिटाच्या पाठीवर केला, पाकीट उलटं ठेवलं आणि पाणी प्यायला. मग त्याचीच धाकटी, दोन सप्तकांची आवृत्ती. “दोन सप्तकांना एवढे?” मग लाल रंगाचे नॉर्ड. आवाज अस्सल, पण तेवढ्यात सेकंडहँड मारुती येते, आणि हे वाक्य तो मारुती घ्यायची नसतानाही बोलतो.

इथून पुढे त्याची खरी प्रतिभा फुलते. १९९३ चं ई-म्यू कंपनीचं व्हिंटेज कीज नावाचं एक मॉड्यूल असतं. त्यात जुन्या वाद्यांचे आवाज, मेलोट्रॉनसुद्धा. ते त्याला निम्म्या किमतीत मिळतं. घरी आल्यावर ध्यानात येतं की त्याला पट्ट्याच नाहीत. मग पट्ट्यांसाठी दुसरा कीबोर्ड, दोघांना जोडायला मिडी केबल, अमेरिकन व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर. तो ट्रान्सफॉर्मर असा गुणगुणतो की बासरीच्या मागे कायम तंबोरा लागल्यासारखं वाटतं. नंतर मेल९ नावाचं पेडल येतं. गिटार लावली की तिचा मेलोट्रॉन होतो, तेही नऊ तऱ्हांचा. म्हणून गिटार येते. गिटार वाजवता येत नाही, म्हणून शनिवारी सर येतात. सर मेलोट्रॉन शिकवत नाहीत, ‘हॅपी बर्थडे’ शिकवतात.

एका चुलतभावाकडे माळ्यावर १९८० च्या दशकातला, गल्फहून आलेला कॅसिओ एसके-१ सापडतो. त्यात माइकपुढे बोलून स्वतःचा आवाज भरता येतो आणि तो पट्ट्यांवर वाजतो. तत्त्व म्हणाल तर मेलोट्रॉनचंच, आणि फुकट! फक्त आवाज मावतो दीड सेकंदाहून कमी, आणि बंद केला की पुसून जातो. रविवारभर तो शेजारच्या मुलाची बासरी भरत बसला. त्या कीबोर्डातून शेवटी जी चीज निघाली, ती पावभर बासरी आणि बाकी कुकरची शिट्टी.

या सगळ्याला तो ‘बचत’ म्हणतो.

सोसायटीतले एक क्लासिकलवाले आजोबा एकदा म्हणाले, “अहो, बासरीच ऐकायची तर बासरी ऐका की.” त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, आणि खरं सांगायचं तर बिनतोड होतं. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन, जी ऐकून खेड्यापाड्यांत लोक अंगात आल्यासारखे डोलले, ती बीन नव्हतीच. क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या कीबोर्डावर कल्याणजींनी ती वाजवली होती. “खरी बीन ऐकून कोण डोललंय, सांगा?” आजोबा गप्प झाले. हेही खरं, की ब्रिटनमध्ये वादकांच्या संघटनेला भीती होती की हे टेपचं यंत्र आपल्या पोटावर पाय देणार. झालं उलटंच. व्हायोलिनवाले टिकले, मेलोट्रॉनचा कारखाना बुडाला, आणि आता त्याच्या बिघडलेपणाला भाव आहे.

सेकंडहँड कीबोर्ड बघायला गेल्यावर याची तपासणी पाहण्यासारखी असते. विकणारा बिचारा पियानो, ढोलक, डेमो साँग, दिवे असं सगळं दाखवत असतो. हा हात वर करून त्याला थांबवतो, व्हायोलिनचा आवाज लावतो, एक पट्टी दाबतो आणि घड्याळाकडे बघत उभा राहतो. पाच सेकंद, आठ सेकंद, वीस सेकंद. विकणारा काळजीत. शेवटी हा बोट उचलून मान हलवतो.

“संपत नाही हो आवाज.”

“काका, नवीनच आहे. गॅरंटी देतो, बंद नाही पडणार.”

“तेच तर.”

परवा मला तो भांडुपला घेऊन गेला, कीबोर्ड उचलायला कुणीतरी हवं म्हणून. गणपतीतल्या एका बेंजो पार्टीचा पोरगा रोलंडचा एक्सपीएस-१० विकत होता. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत हा कीबोर्ड जिथे तिथे दिसतो, कारण पेन ड्राइव्हवरून हवे ते आवाज त्यात भरता येतात. खोलीत ढोल रचलेले, भिंतीला टेकून बेंजो, कीबोर्डावर गुलालाचा थर. गृहस्थाने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. मुलीने त्यात सूर भरून दिले होते, हे तेव्हा कळलं. पोराने चहा संपायच्या आत ते चढवले. पट्टी दाबली आणि खोलीत चक्क १९६७ ची बासरी.

“हलतोय काका आवाज,” पोरगा म्हणाला. “सरळ करून देऊ?”

“हात लावू नकोस! फक्त एक कर. आठ सेकंदांनी तुटला पाहिजे.”

पोराने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी ढोलांकडे पाहिलं. आवाज भरायचे आणि कापायचे मिळून पाचशे, असं ठरलं. पोराने एकेक सूर मोजून कापला. गृहस्थ पट्टी दाबून घड्याळ बघत राहिला. आठव्या सेकंदाला बासरी खटकन थांबली आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पूर्ण समाधान आलं. दोनदा खात्री करून त्याने पाकीट काढलं, चारशे मोजले आणि पुढे केले.

“काका, पाचशे ठरले होते.”

“अरे, पण आवाज केवढा कमी केलास तू!”