प्राणरक्षणाची मुदत

विद्येपेक्षा विद्येच्या दाखल्याला आपल्या राज्यकारभारात अधिक मान आहे, ही गोष्ट नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही; परंतु मरणोन्मुख माणसाला वाचविण्याच्या विद्येलाही शुल्क, मुदत, छायाचित्रे आणि साक्षांकित प्रती यांच्या चौकटीत चपखल बसविण्याचे जे प्रशासकीय कौशल्य येथे प्रकट झाले आहे, त्याचे व्हावे तितके कौतुक झालेले नाही. कंडक्टरच्या बिल्ल्यासाठी अर्जासोबत प्रथमोपचाराचा दाखला जोडावा लागतो. तो एकदा जोडला की दाखला दफ्तरात, बिल्ला छातीवर आणि प्रथमोपचार ईश्वराच्या हवाली, अशी कामाची रास्त वाटणी होते.

1948च्या कारखाने अधिनियमातील 45वे कलम ज्याने लिहिले, तो गृहस्थ मात्र मनुष्यस्वभावाचा पक्का जाणकार असला पाहिजे. दर दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचाराची पेटी असावी, ती कामाच्या वेळी सहज हाताशी यावी, प्रमाणपत्रधारक जबाबदार इसम तिच्याजवळ सदैव हजर असावा, एवढे सांगूनच तो थांबला नाही. विहित वस्तूंवाचून अन्य काहीही पेटीत ठेवू नये, असेही त्याने बजावले. पुढे त्या पेटीला कुलूप लागले, किल्ली भांडारपालाकडे आणि भांडारपाल रजेवर गेला. आणि आत चहाच्या उधारीची वही, सुकलेली शाईची गादी, आयोडीनची रिकामी बाटली व मूळची घडीही न मोडलेली त्रिकोणी पट्टी एवढा ऐवज सुखाने नांदू लागला. तपासणीस आलेले साहेब पेटी उघडत नाहीत. भिंतीवरील प्रमाणपत्राची तारीख तेवढी चष्मा पुसून वाचतात आणि ती उलटून गेलेली दिसली की त्यांचा चेहरा असा चिंताक्रांत होतो की, पाहणाराला वाटावे, घरातच कुणी अत्यवस्थ आहे.

मग नूतनीकरणाचा वर्ग भरतो. मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रत्येक दाब 5 ते 6 सेंटिमीटर खोल, 30 दाबांमागे 2 श्वास, असे शिक्षक घसा कोरडा करून सांगत असतो. समोरचे हेडक्लार्क डमीच्या छातीला, देव्हाऱ्यातील देवाला गंध लावावे इतक्या हळुवार हाताने, स्पर्श करतात. छायाचित्रकार ‘झाले’ म्हणतो, आणि सीपीआरही झाला असे समजून मंडळी समोशांकडे वळतात.

वास्तविक नूतनीकरणाची कल्पना शहाणपणाची आहे. सराव सुटला की हे कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागते आणि शास्त्रही बदलते. पूर्वी आधी श्वासमार्ग पाहावा असे शिकवीत, 2010 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने तो क्रम फिरवून छातीवरील दाबाला अग्रस्थान दिले. त्या संस्थेच्या कार्डाची मुदत 2 वर्षांची असते, ती याचसाठी. आमच्याकडे मात्र कागद नवा होतो आणि हात जुनाच राहतो. उलट 108ला फोन करून भर रस्त्यात, गुडघे टेकून, रुग्णवाहिका येईपर्यंत घामाघूम होऊन छाती दाबीत राहणाऱ्या भाजीवाल्याजवळ कागदाचा कपटाही नसतो. मोटार अपघातात सद्हेतूने मदत करणाराला 2019च्या दुरुस्तीने कायद्याचे अभय दिले, तेही प्रमाणपत्र न मागता! ही केवढी अनियमितता!

यावर आमची एक नम्र सूचना आहे. नॉर्वेतील आस्मुंड लार्डाल या खेळणी बनविणाऱ्या कारखानदाराने 1960 साली जी अ‍ॅन नावाची बाहुली घडविली, तिच्याच वंशातील हा वर्गातला डमी प्रत्येक नूतनीकरणाला आरंभापासून अखेरपर्यंत हजर असतो, रजा घेत नाही, भत्ता मागत नाही आणि बदलीसाठी वशिला लावीत नाही. तेव्हा प्रमाणपत्र एकदाचे त्याच्याच नावे काढावे आणि जबाबदार इसम म्हणून त्याची रीतसर नेमणूक करावी. तो निर्जीव आहे, असा आक्षेप कुणी काढील. परंतु एवढ्या कारणावरून कुणाची नेमणूक अडल्याचे आमच्या कचेऱ्यांच्या इतिहासात तरी आढळत नाही.