किमान पात्रता

२०२५ साली आमच्या पन्हाळ्यावर दोन निकाल येऊन थडकले. पहिला ११ जुलैला, पॅरिसहून. युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळा होता. दुसरा १४ ऑक्टोबरला, अमेरिकेहून. त्या दिवसापासून विंडोज १० ची मोफत दुरुस्ती बंद, असं मायक्रोसॉफ्टचं फर्मान आधीच सुटलं होतं, ते अमलात आलं. विंडोज ११ वर जायचं तर इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा पाहिजे. २०१७ च्या उन्हाळ्यात घेतलेला माझा लॅपटॉप सातव्या पिढीचा. म्हणजे शिलाहारांच्या दुसऱ्या भोजराजाने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला किल्ला साऱ्या जगाने जपण्याजोगा, आणि आठ वर्षांचा लॅपटॉप भंगारात घालण्याजोगा! बरं, खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून अजून पंधरवडाही उलटला नव्हता.

खाली कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका दुकानात तो दाखवला. दुकानदाराने झाकण उघडलं, दोन बटणं दाबली आणि सांत्वनाला आल्यासारखा म्हणाला, "सर, मशीन एक नंबर हाय. पण आता त्याला वरनं अपडेट येत न्हाई बघा. नवं घ्या की!" आम्हा पन्हाळकरांना वरनं फक्त पाऊस यायची सवय, त्यामुळे मला त्यात घाबरण्यासारखं काही दिसलं नाही.

पावसावरून आठवलं. गडावर यंत्रं म्हातारपणाने मरत नाहीत, ओलीने मरतात. आषाढात धुकं दार न वाजवता घरात शिरतं. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी, पापड सादळलेले, आणि कॉम्प्युटरचं एखादं बटण दाबलं की चिकटून बसतं. आमच्या जुन्या डेस्कटॉपमधली नाण्याएवढी बॅटरी संपली होती. दर वेळी लाइट गेली की त्याचं घड्याळ पार मागे जाऊन कुठल्याशा जुन्या सालातल्या १ जानेवारीवर थांबायचं. मग बँकेची वेबसाइट उघडायला तो नकार द्यायचा, कारण त्याच्या मते बँकेचं प्रमाणपत्र अजून जन्माला यायचं होतं. तर्कशुद्ध विचार करणारं आमच्या घरातलं ते एकमेव यंत्र.

पण सातव्या पिढीच्या या बिचाऱ्याचं काहीच बिघडलेलं नव्हतं. पडदा ठीक, कळफलक ठीक, कॅमेऱ्यात मी जेवढा म्हातारा आहे तेवढाच दिसतो. गडाचंही एकदा असंच झालं होतं. आदिलशहाच्या सिद्दी जौहरने १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफेने लांब पल्ल्याचा मारा करायला आला होता. त्या काळातलं ते अगदी ताजं तंत्रज्ञान. त्याने तट पडला नाही. शिवाजी महाराज भर पावसात वेढ्यातून निसटले आणि पुढे गड आदिलशहाकडे गेला तो तोफेने नव्हे, बोलणी होऊन. भिंत शाबूत, पण कागदावर गड गेलेला! माझ्या लॅपटॉपची अवस्था नेमकी हीच होती.

मायक्रोसॉफ्टची बाजू अगदीच खोटी नाही. नव्या प्रोसेसरांत चोरापासून बचावाची सोय जास्त आहे, आणि दुरुस्ती न मिळणाऱ्या यंत्रावर पेन्शनचं खातं उघडू नये हेही खरं. पण रॅमचं काय? विंडोज ९५ ला किमान चार एमबी पुरत. विंडोज ११ किमान चार जीबी मागतं, म्हणजे हजारपट. मधल्या तीस वर्षांत मा. तहसीलदार साहेबांना करायचा अर्ज मात्र तेवढाच राहिला. विषय, संदर्भ, महोदय, खाली आपला विश्वासू. माझी टंकलेखनाची गतीही हजारपट वाढलेली नाही. उलट चष्म्याचा नंबर वाढल्यापासून कमीच झाली आहे. यंत्रं जेवढ्या वेगाने जलद होतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जातं, अशी तक्रार स्वित्झर्लंडच्या निकलाउस विर्थ या संगणकशास्त्रज्ञाने १९९५ सालीच केली होती. पास्कल ही भाषा घडवणारा हा माणूस. त्याचंही कुणी ऐकलं नाही, तिथे मी कोण?

शेवटी पुण्याचा भाचा धावून आला. "मामा, नवा घेऊ नका," एवढंच म्हणाला आणि पेचकस मागितला. जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, रॅमची एक पट्टी वाढवली आणि लिनक्स मिंट चढवलं. नवंकोरं सॉफ्टवेअर, तेच जुनं यंत्र. चहा उकळेपर्यंत सुरू व्हायचा तो आता मी चष्मा शोधेपर्यंत सुरू होतो. बायको म्हणाली, "म्हणजे आता नवा घ्यायचा विषय संपला." तिच्या आवाजात समाधान होतं, माझ्या आवाजात थोडं कमी.

सगळंच जमलं असं नाही. बोटाचा ठसा वाचणारी पट्टी लिनक्सला ओळखताच येत नाही. जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली माझी मोरोपंतांवरची टिपणं उघडली तर पडद्यावर नुसती चिन्हांची पंगत बसली. कवी मोरोपंत १७२९ साली इथेच पन्हाळ्यावर जन्मले. त्यांच्या यमकांनीसुद्धा हात टेकले असते. ती टिपणं आता मी युनिकोडमध्ये नव्याने टाइप करतो आहे.

गडाचं तरी सगळं कुठे टिकलं? १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला. पण उरलेल्या तटावर शिलाहारांनंतर यादव, बहामनी, आदिलशाही, मराठे, इंग्रज असा प्रत्येकाने आपापला कारभार चढवला आणि गडाने तो चालवून दाखवला. ताराराणींच्या वाड्यात पुढे शाळा भरली, कचेऱ्या बसल्या. तीन दरवाजावर आदिलशाहीतला फारसी शिलालेख अजून आहे आणि चौकटीवर छोटा गणपतीही आहे. तो मराठ्यांच्या काळात कोरला असावा. आधीचं काही पुसलं नाही, आपली तेवढी भर घातली. अपडेट करावं तर असं.

तुमच्याही कपाटात एखादा असा बाद ठरलेला लॅपटॉप असेल, तर तो भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. आधी फायलींची प्रत काढून ठेवा. मग आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या; ते फुकट आहे, आणि लॅपटॉपमधलं काहीही न हलवता पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. आवडलं तर ठेवा. भाचा मात्र तुम्हाला तुमचाच शोधावा लागेल.